सहा बाय चारचं रणांगण आणि घरातली एकच थंड खोली

मुंबई-पुण्याची मुलं जूनच्या मध्याला नवी वह्या-पुस्तकं घेऊन शाळेत जाऊन बसतात, तेव्हा नागपूरची मुलं घरीच असतात. उन्हाचा तडाखा बघून विदर्भातल्या शाळा दरवर्षी उशिरा, जून संपत आला की उघडतात. सुट्टी लांबली म्हणून मुलं खूश. मोठ्यांचं गणित वेगळं असतं, कारण या सुट्टीत सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच दाराबाहेर पाऊल टाकायची सोय नसते. मे 2013 मध्ये नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. मे 2024 च्या अखेरीस तर इथल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले. यंत्रात बिघाड होता, असा खुलासा हवामान खात्याने नंतर केला. पण तो आकडा खोटा आहे हे पटवून घ्यायला नागपूरकरांना जरा जडच गेलं. भर दुपारी चौकाचौकांतले सिग्नल बंद ठेवायची वेळ या शहरावर येते, ती उगाच नाही.

अशा दिवसांत तीन खोल्यांचं घर एका खोलीचं होतं. जिथे कूलर, तिथे कुटुंब. आजी तिथेच आडवी झालेली, मुंबईहून आलेली भाचरं तिथेच पत्ते पिसतात, टीव्ही तिथेच आणि डायनिंग टेबलही ओढून तिथेच आणलेलं. त्या टेबलावर घरातल्या कर्त्या माणसाने हिरव्या कापडाचं मैदान अंथरून, पुठ्ठ्याच्या टेकड्या मांडून, बोटाच्या एका पेराएवढे साठ-सत्तर सैनिक रांगेत उभे केले असतील, तर पुढे काय होतं हे सांगायला नको. ‘बाबा, काय करून राहिले तुम्ही?’ हा प्रश्न आधी कुतूहलाने येतो. तिसऱ्या दिवशी तोच प्रश्न स्वयंपाकघरातून येतो आणि त्याचा सूर बदललेला असतो.

या छंदाचं नाव मिनिएचर वॉरगेमिंग. साधारण 28 मिलिमीटर उंचीचे प्लास्टिकचे, धातूचे किंवा रेझिनचे सैनिक विकत घ्यायचे, जोडायचे, बारीक ब्रशने रंगवायचे आणि मग टेबलावर दोन फौजा समोरासमोर मांडून मोजपट्टी आणि फाशांच्या मदतीने लढाई खेळायची. मूळ प्रशियाच्या लष्करातलं. राइसविट्झ नावाच्या एका सरदाराने 1812 मध्ये राजासाठी युद्धाच्या सरावाचं टेबल बनवलं, त्याच्या मुलाने 1824 मध्ये त्याचे नियम बांधून दिले आणि अधिकाऱ्यांचं शिक्षण म्हणून ते सैन्यात रुजलं. आज जगभर ओळख आहे ती नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीच्या वॉरहॅमरमुळे. तो 1983 चा, आणि त्याचा अंतराळातला भाऊ ‘वॉरहॅमर 40,000’ हा 1987 चा. मोठ्या लढाईला वर्षानुवर्षं सहा फूट बाय चार फुटांचं टेबल लागत आलं आहे. एक लढाई म्हणजे तीन तास. एक सैनिक नीट रंगवायचा तर दोन-तीन संध्याकाळी जातात. फौजेत सैनिक किती, हे विचारू नये.

या छंदाची आणि संसाराची सांगड कशी घालायची यावर सल्ला देणारे हमखास एकच गोष्ट सांगतात: वेळेचं नियोजन करा. पहाटे उठा, मुलं झोपल्यावर बसा, आठवड्यातून एक दिवस ठरवून घ्या. नागपूरच्या उन्हाळ्यात हा सल्ला निरुपयोगी आहे. इथे भांडण वेळेवरून होत नाही. दुपारचे सहा तास सगळ्यांकडे मोकळेच असतात. भांडण होतं ते टेबलावरून, गारव्याच्या जागेवरून, आणि खरं सांगायचं तर ती जागा रिकामी, झाडलेली आणि शांत कोणाच्या कष्टाने राहते यावरून.

हे जुनंच दुखणं आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन, ‘ट्रेझर आयलंड’चा लेखक, 1881-82 च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या दावोसला फुप्फुसाच्या आजारावर उपचार घेत होता. बाहेर बर्फ, घरात तो, त्याची बायको फॅनी आणि तिचा पहिल्या लग्नाचा तेरा वर्षांचा मुलगा लॉइड. हवामानामुळे घरात अडकलेलं कुटुंब. फक्त नागपूरच्या उलट टोकाचं. या सावत्र बाप-लेकांनी माळ्यावर युद्ध सुरू केलं. मोडकळीला आलेल्या शिडीने वर चढायचं, छप्पर इतकं खाली की ताठ उभं राहता येत नाही, एकच खिडकी तीही बर्फाने गोठलेली, म्हणून मेणबत्ती लावायची. जमिनीवर रंगीत खडूंनी नकाशा काढलेला: डोंगर, नद्या, पूल, गावं, रस्ते. शिशाचे शेकडो सैनिक त्यावरून दिवसाला ठरावीक मजल मारत. एकेक युद्ध आठवडेच्या आठवडे चाले. दोन्ही बाजूंची वर्तमानपत्रं होती आणि त्यांत स्टीव्हन्सन वार्ताहर बनून आघाडीवरच्या बातम्या लिही, सेनापतींची खरडपट्टी काढी. पुढे 1898 मध्ये लॉइडने ही सगळी हकिकत ‘स्क्रिब्नर्स’ मासिकात छापली, म्हणून ती राहिली.

वाचताना हेवा वाटतो. पण त्या माळ्याकडे जरा बारकाईने पाहावं. तो खेळ आठवडेच्या आठवडे टिकला, कारण घरातल्या दुसऱ्या कोणालाही ती जागा नको होती. थंडगार, अंधारी, वाकून चालायची. खडूचा नकाशा पुसायची वेळ कोणावर आली नाही, कारण तिथे कोणी केर काढायला येतच नव्हतं. नागपुरात माळ्याची जागा म्हणजे गच्चीवरची खोली, आणि मे महिन्याच्या दुपारी तिथे रेझिनचा सैनिकसुद्धा माना टाकतो. ही अतिशयोक्ती नाही. पातळ रेझिनचे भाले आणि तलवारी उष्णतेने खरोखर वाकतात, आणि गरम पाण्यात बुडवून सरळ करून घ्याव्या लागतात.

दुसरा पूर्वज इंग्रज लेखक एच. जी. वेल्स. त्याचं 1913 चं ‘लिटल वॉर्स’ हे घरगुती वॉरगेमिंगचं पहिलं गाजलेलं पुस्तक. त्याच्या दोन वर्षं आधी, 1911 मध्ये, आपल्या दोन मुलांबरोबर जमिनीवर मांडायच्या खेळांवर त्याने ‘फ्लोअर गेम्स’ लिहिलं होतं. लाकडी गोळी उडवणारी एक खेळण्यातली तोफ, जेवणानंतर सैनिकांवर नेम धरून बसलेला लेखकमित्र जेरोम के. जेरोम, आणि त्यातून उभा राहिलेला नियमांचा डोलारा, ही त्या पुस्तकाची जन्मकथा. वेल्सने त्यात वेळेचं बंधन फार चोख घातलं आहे: तीस सैनिकांमागे एक मिनिट, प्रत्येक तोफेमागे एक मिनिट, घड्याळ लावून. मोठा शहाणा नियम, आणि आजही पाळण्याजोगा. पण त्याच पुस्तकात, रंगात आलेला पहिलावहिला डाव पाहुण्या बायकांच्या येण्याने मोडला, याचं वर्णन करताना तो अख्ख्या स्त्रीजातीला कल्पनाशून्य ठरवून मोकळा होतो. जमिनीवर खेळण्यातली तोफ घेऊन लोळणाऱ्या दोन प्रौढ लेखकांना पाहून त्या बायकांना काय वाटलं असेल, हा प्रश्न स्त्रीहक्कांवर भरभरून बोलणाऱ्या त्या माणसाला पडला नाही. त्यांच्यापैकी कोणी पुस्तक लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

आता नागपूरच्या गच्चीवर येऊ. एप्रिल-मे हा वाळवणाचा हंगाम. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजत पडतो, रोज पाणी बदलावं लागतं, मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे मोठ्या पातेल्यात घोटायचा. हात भरून येतात. ऊन चढायच्या आत, सहा-साडेसहापर्यंत, गच्चीवर प्लास्टिक अंथरून सोऱ्याने कुरडया घालून झाल्या पाहिजेत. शिवाय सरगुंडे, मूगवड्या, पापड, कैरीचं लोणचं. आणि गंमत अशी की वॉरगेमरलाही नेमकी तीच वेळ आणि तीच गच्ची हवी असते. सैनिकांना रंगाआधी प्रायमरचा फवारा द्यावा लागतो. भर उन्हात तो मारला तर थेंब हवेतच सुकतात आणि सैनिकाच्या अंगावर वाळूसारखी खरखर बसते. कूलरजवळ मारावा तर घरात वास कोंडतो, आणि तिथल्या दमट हवेत वार्निशवर पांढरी साय धरते. मग राहते ती पहाटेची गच्ची. एका कोपऱ्यात ओल्या कुरडया, दुसऱ्या कोपऱ्यात प्रायमरचा डबा, मध्ये मंद वारा. कोणी माघार घ्यायची यावर चर्चेला वावच नाही. कुरडया वर्षभर खायच्या असतात, आणि प्रायमर विषारी असतो.

तर छंद असलेल्या माणसाने सुट्टीच्या सुरुवातीलाच, वेळापत्रक वगैरे करण्याआधी, एक काम करावं: त्या पातेल्यातला चीक घोटायला उभं राहावं.

बायकोला खूश करायची युक्ती म्हणून हे सांगितलेलं नाही. ज्या दुपारी तो ब्रश हातात घेऊन निवांत बसतो, ती दुपार कोणीतरी घडवलेली असते. रस काढून, पोळ्या लाटून, भांडी घासून, भाचरांना झोपवून, कूलरमध्ये पाणी भरून. ही कामं अर्धी अंगावर घेतली की टेबल मागायचा हक्क आपोआप येतो. न घेता मागितलं की तेच टेबल घरातल्या दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांत खुपायला लागतं, मग त्यावर कितीही सुंदर रंगवलेली फौज असो. पुरुषांच्याच छंदाबद्दल हे का, असा आक्षेप कोणी घेईल. वॉरगेमिंग करणाऱ्या बायकाही आहेत. पण सुट्टीतल्या दुपारी टेबल अडवून बसलेली आई नागपुरात कोणाला दिसली असेल तर त्याने जरूर कळवावं.

दुसरी तडजोड आकाराची. सहा बाय चारचा हट्ट सुट्टीपुरता सोडावा. इंग्लंडात नील थॉमस या लेखकाने 2014 मध्ये ‘वन-आवर वॉरगेम्स’ नावाचं पुस्तक काढलं ते याच अडचणीवर. तीन फूट बाय तीन फुटांचं मैदान, प्रत्येक बाजूला सहाच पथकं, एकेका कालखंडाचे नियम मोजक्या पानांत, आणि तासाभरात निकाल. जाणकार नाकं मुरडतात: फार सोपं आहे, बारकावे नाहीत. नसतील. पण बारा ते एक लढाई, एकला सैनिक डब्यात आणि सव्वाला त्याच टेबलावर ताटं, हे गणित त्या जाणकारांच्या कुठल्याही जाडजूड नियमपुस्तकाला जमलेलं नाही. बॉब कॉर्डरीचं 2017 चं ‘पोर्टेबल वॉरगेम’ आणखी पुढे जातं. बुद्धिबळासारख्या चौकटींच्या पटावर सगळी लढाई, मोजपट्टीसुद्धा नको. पीटर डेनिस या इंग्रज चित्रकाराने तर सैनिकच कागदाचे केले. त्याच्या पुस्तकातलं पान छापायचं, कापायचं, चिकटवायचं, झाली फौज. कात्री चालवता येणारं कोणतंही मूल एका दुपारी पलटण उभी करतं, आणि आजोबांचा पाय पडून घोडदळ चिरडलं तर दुसरं छापता येतं.

पैशाचाही मुद्दा आहे, आणि तो घरात नेहमी चुकीच्या वेळी निघतो. नामांकित कंपनीचा एक सेनापती, फक्त एक, चौघांच्या सिनेमाइतक्या किमतीला पडतो, पॉपकॉर्न धरून. बरंचसं साहित्य परदेशातून येतं, त्यावर जकात आणि टपाल. शिवाय या छंदात रंगवून झालेल्या सैनिकांपेक्षा न उघडलेले डबे नेहमी जास्त असतात, हे छंदिष्ट एकमेकांत हसत हसत कबूल करतात आणि घरी कपाटाच्या वरच्या फळीवर लपवतात. उन्हाळ्यात नवा डबा आणूच नये. फळीवरचा उघडावा. दोन महिने हातात असताना जुनं संपवलं नाही तर ते कधीच संपणार नाही.

मुलांचं काय? इथे एक मोह टाळायला हवा. मुलांना छंदात सामील करून घ्या, म्हणजे दोन्ही साधेल, असं म्हणणं सोपं आहे. प्रत्यक्षात बरेच बाप मुलांना सामील करून घेत नाहीत, कामाला लावतात. शंभर सैनिकांचे बूट काळे कर. हा रंग नको, गणवेश तसा नव्हता. तिथे नको, तिथे मी करतो. अर्ध्या तासात मूल मोबाइल घेऊन कोपऱ्यात, आणि बापाची तक्रार सुरू: या पिढीला चिकाटी नाही. मुलाला स्वतःचे पाच-सहा सैनिक द्यावेत आणि ते त्याने गुलाबी घोड्यावर निळे स्वार असे रंगवले तरी तोंडातून अक्षर काढू नये. नागपूरच्या कोरड्या हवेत ॲक्रेलिक रंग ब्रशवरच सुकतो; एका चपट्या डब्यात ओला स्पंज ठेवून त्यावर बेकिंगचा कागद अंथरला की रंग तासभर ओला राहतो. एवढं दाखवावं आणि बाजूला व्हावं. धारदार सुरी आणि झटपट चिकटणारा गोंद मात्र मोठ्यांच्या हातात. थ्री-डी प्रिंटरचं कच्चं रेझिन त्वचेला आणि श्वासाला त्रासदायक असतं, त्यामुळे ते कूलरच्या बंद खोलीत अजिबातच नको.

रंगवलेली छोटी खेळणी या शहराला नवी नाहीत. महालाजवळच्या चितारओळीत पिढ्यान् पिढ्या मूर्ती घडवून रंगवणारी घरं आहेत. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा तिथला हात जगातल्या कुठल्याही मिनिएचर रंगवणाऱ्याला शिकवू शकेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लाकडी चाकांचे बैल सजवून मुलं गल्लीत मिरवतात. ही प्रथा 1806 च्या सुमारास दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी सुरू केली, असं नागपुरात सांगतात. त्याआधी तीनच वर्षं, 1803 मध्ये, याच रघुजींच्या फौजा आडगाव आणि गाविलगडावर इंग्रजांकडून हरल्या होत्या. युद्धात राज्याचा मोठा तुकडा गमावलेल्या राजाचं नाव लोकांच्या तोंडी राहिलं ते मुलांच्या खेळण्यातल्या बैलांमुळे. सुट्टीच्या एखाद्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, मुलांना चितारओळीत एक चक्कर मारून आणावी. परतल्यावर ब्रश कसा धरायचा हे सांगावं लागत नाही.

आणि नागपूरकर वॉरगेमरला सुट्टीत रणांगण शोधायला ऑनलाइन जायची गरजच काय? ते शहराच्या मधोमध आहे. सीताबर्डीची बाजारपेठ, मेट्रोचं स्टेशन, वाहनांची कलकल या सगळ्याच्या डोक्यावर उभी असलेली टेकडी ही 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 च्या लढाईची जागा. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे; सर्वसामान्यांना तो वर्षातले मोजके दिवस खुला होतो, त्यातला एक 1 मे. महाराष्ट्र दिन, ऐन सुट्टीत. सकाळी लवकर पोचलं तर ऊन चढायच्या आत वर जाऊन, पाहून, खाली येऊन तर्री-पोहेही होतात.

ती लढाई टेबलावर मांडायला इतकी सोयीची आहे की कोणीतरी खेळासाठीच बेतली असावी असं वाटतं. शेजारी शेजारी दोन टेकड्या, एक मोठी, एक लहान. पायथ्याशी झोपड्यांची वस्ती. मागे रेसिडेन्सी, तिथे इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स. टेकड्यांवर लेफ्टनंट कर्नल स्कॉटचे तेराशे-चौदाशे शिपाई. समोर नागपूरच्या गादीवरच्या आप्पासाहेब भोसल्यांची फौज. इंग्रजी नोंदी ती अठरा हजारांची सांगतात, त्यात कडवे अरब पायदळ. 26 ला संध्याकाळी गोळीबार सुरू झाला तो रात्रभर. झोपड्यांच्या आडोशाने अरब पुढे सरकत राहिले आणि 27 च्या सकाळी त्यांनी लहान टेकडी घेतली. तिथल्याच तोफा मोठ्या टेकडीवर रोखल्या. इंग्रजांचं कंबरडं मोडायची वेळ आली असताना कॅप्टन फिट्झगेराल्डने मूठभर घोडदळ घेऊन, वरिष्ठांनी बजावूनही, मैदानातल्या मराठी फौजेवर झडप घातली. त्या धामधुमीत लहान टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला, अरबांमध्ये गोंधळ उडाला आणि इंग्रजांनी टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत निकाल लागला होता. इंग्रजांचे साडेतीनशेहून अधिक मेले किंवा जखमी झाले.

सहा-सहा पथकांत ही लढाई नेमकी बसते. उशांवर हिरवी चादर टाकली की दोन टेकड्या तयार. मुलांना फक्त एवढं सांगावं की अरब पायदळ झोपड्यांआडून चालताना दिसत नाही, आणि दारूगोळ्यासाठी दर फेरीला फासा टाकायचा, सहा पडला तर स्फोट. मग बघावं. नागपूरचं कोणतंही मूल भोसल्यांच्या बाजूने खेळायला मागतं, आणि फासा पडायच्या आत लहान टेकडीवरचा दारूगोळा खाली हलवायचा प्रयत्न करतं. तिथे आप्पासाहेब काय चुकले याची चर्चा सुरू होते. आजी मध्येच विचारते, मग त्यांचं पुढे काय झालं? झालं ते असं की त्यांना गादीवरून काढून कैदेत अलाहाबादकडे नेत असताना, मे 1818 मध्ये, शिपायाच्या वेशात ते निसटले. या गोष्टीनंतर लढाई थांबते आणि सगळ्यांना तो पलायनाचा डाव खेळायचा असतो. अर्थात तासभरात संपणारा खेळ अडीच तास चालतो. पण त्या अडीच तासांत टेबल घरातल्या एकाचं नसतं.

उन्हाळ्यात नागपूर सोडायचं ठरलं तर बहुतेकांचा रस्ता अमरावती-परतवाड्यावरून चिखलदऱ्याला जातो. विदर्भाचं एकमेव थंड हवेचं ठिकाण, सुमारे 1,100 मीटर उंच, सातपुड्यात. आणि चिखलदऱ्याला लागूनच गाविलगड. इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने (तो लेखक नव्हे) डिसेंबर 1803 मध्ये तोफा आणि दारूगोळा इथल्या डोंगर-दऱ्यांतून, जवळजवळ रस्ताच नसलेल्या तीस मैलांतून, हाताने ओढत उत्तरेच्या बाजूला आणला. आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, दक्षिणेला. 15 डिसेंबरला बाहेरच्या किल्ल्याची भिंत फुटली. आतल्या किल्ल्याशी दरी आडवी आली. तेव्हा 94 व्या पलटणीच्या कॅप्टन कॅम्पबेलने शिड्या लावून भिंत चढून आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोनच दिवसांत देवगावचा तह झाला.

वॉरगेमरसाठी ही पंढरीच. आणि कौटुंबिक सहलीची वाट लावायची हुकमी जागाही. तो भीमकुंड, देवी पॉइंट, संध्याकाळचा पॉइंट सगळ्यांवर घड्याळाकडे बघत उभा राहतो, आणि गाविलगडावर मात्र दरवाजाच्या कमानीची उंची मोजायला पाऊण तास घेतो. घरी आल्यावर फोटो काढून पाहावेत: तटबंदीचे साठ, बायकोचा एक, तोही भिंतीची उंची कळावी म्हणून. याला उपाय साधा आहे. किल्ल्याला एक सकाळ, पूर्ण त्याची, एकट्याची. सहाला निघून दहाला परत. तोवर बाकीचे झोपतील, चिखलदऱ्याची कॉफी पितील. दहानंतर किल्ल्याचं नाव काढायचं नाही. मुलांपैकी ज्याला यायचं तो येईल. ओढून नेलं तर त्याला गाविलगड म्हणजे फक्त काटे आणि तहान एवढंच आठवेल.

राहिली एक गोष्ट, आणि ती सगळ्यात जास्त टाळली जाते. छंद असलेल्या माणसाच्या तासांची घरात चर्चा होते. दुसऱ्याच्या तासांची होत नाही. त्याला दुपारी बारा ते दोन टेबल मिळालं, तर तिला तेवढाच वेळ कुठला आणि कशासाठी? तिने त्यात लढाई खेळावी असं नाही. झोपावं, वाचावं, मैत्रिणीकडे जावं, काहीच करू नये. त्या दोन तासांत दार वाजलं, कूलरचं पाणी संपलं, भाचरांत मारामारी झाली तर उठायचं त्याने. पैशाचंही तसंच. त्याने उन्हाळ्यासाठी रंगांवर आणि ब्रशवर जेवढी रक्कम ठरवली, तेवढीच तिच्या नावाने बाजूला, हिशेब न मागता. हे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, परीक्षा चालू असताना आणि डोकी थंड असतानाच बोलून घ्यावं. मेअखेरीचा नवतपा लागला की नागपुरात कोणतीही वाटाघाट यशस्वी होत नाही.